सकाळी सातचं फिजिक्स

"म्हणजे माझं संपलं?" ऋचाने विचारलं.

माझ्या ऑफिसातल्या खुर्चीत ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. स्क्रीनवर डीनच्या ऑफिसकडून आलेली ईमेल उघडी होती. स्प्रिंग क्वार्टरमधला इंजिनिअरिंग फिजिक्सचा तिसरा भाग, पुरेशी नावनोंदणी नसल्यामुळे, रद्द करण्याचा विचार आहे. अंतिम निर्णय सोमवारी दुपारी. तो दिवस गुरुवार होता.

"कोण म्हणतं संपलं?" मी म्हटलं. "विचार आहे असं लिहिलंय. विचार बदलता येतो."

"कॅन यू डू दॅट?"

"माहीत नाही. बघू."

आता जरा समजावून सांगते. आमच्याकडे सेमिस्टर नसतं, दहा-अकरा आठवड्यांचे क्वार्टर असतात. फिजिक्सचे तीन भाग, तीन क्वार्टर, ओळीने. तिसरा भाग वर्षातून एकदाच होतो, स्प्रिंगमध्ये. ऋचाचे पहिले दोन होत आले होते. जवळच्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या मेकॅनिकल डिपार्टमेंटने तिला जागा दिली होती, पण अट घालून. उरलेला हा एक विषय जूनपर्यंत पास झालाच पाहिजे. नाही झाला तर जागा गेली, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज आणि पुन्हा वाट बघणं.

दुसऱ्या कॉलेजात का नाही करायचा, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. त्याच दुपारी तीन कॉलेजांना फोन केले. एका ठिकाणी वर्ग भरलेला. दुसऱ्या ठिकाणी तिसरा भाग होतच नाही. तिसऱ्यात होतो, पण समरमध्ये, आणि युनिव्हर्सिटीला जूनच्या पुढचं काही चालत नव्हतं. म्हणजे जो काही लढा द्यायचा तो आमच्याच इमारतीत द्यायला हवा होता.

मी बेलव्ह्यूच्या पुढे एका कम्युनिटी कॉलेजात ट्रान्स्फर ॲडव्हायजर आहे. मुलं इथे पहिली दोन वर्षं करतात आणि मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात. या जाण्याला ट्रान्स्फर म्हणतात. ते नीट व्हावं म्हणून मला नोकरीवर ठेवलंय. आपल्या लोकांत 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द आवाज खाली आणून उच्चारतात, जणू मुलाला काही तरी झालंय. मला त्याची चीड आहे. ज्या कॅल्क्युलसला युनिव्हर्सिटीत तीनशेच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसावं लागतं, ते इथे तीस जणांच्या वर्गात शिकवतात आणि शिकवणाऱ्याला तुमचं नाव माहीत असतं. यात खालच्या आवाजात बोलण्यासारखं काय आहे?

पण या पद्धतीत एक खड्डा आहे, आणि तो कोणी ठळक अक्षरांत सांगत नाही. युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळणं आणि तुमच्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, प्रवेश मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रवेश चांगल्या मार्कांवर मिळून जातो. दुसऱ्यासाठी काही ठरावीक विषय आधीच पूर्ण लागतात. त्यांना मेजर प्रीरिक्विझिट म्हणतात. ते झाले नसतील तर तुम्ही युनिव्हर्सिटीत असता, कॅम्पसवर फिरता, स्वेटशर्ट घालता, आणि इंजिनिअरिंगच्या बाहेर उभे असता.

ऋचाचं नेमकं हेच होणार होतं. एक वर्ष आधी.

ती आणि तिचे वडील, मिलिंदकाका, पहिल्यांदा माझ्याकडे आले ते युनिव्हर्सिटीचा प्रवेश मिळाल्यावर. सल्ला घ्यायला नव्हे, आनंद सांगायला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत काका मला लहानपणापासून बघत आलेत. "म्हटलं मुक्ताला भेटून जाऊ," ते म्हणाले. "तुमच्या कॉलेजचं काम झालं. चारपैकी थ्री पॉइंट नाइन एट जीपीए. डायरेक्ट थर्ड इयर."

मी ऋचाने घेतलेले विषय बघितले. गणित सगळं झालेलं, अगदी डिफरन्शियल इक्वेशन्सपर्यंत. त्याशिवाय सोशिऑलॉजी, पब्लिक स्पीकिंग, न्यूट्रिशन, सिनेमाचा रसास्वाद. फिजिक्स एकही नाही. केमिस्ट्री नाही. स्टॅटिक्स नाही.

"काका, हे विषय कोणी निवडले?"

"मी." अभिमानाने. "मॅथ्स स्कोअरिंग आहे, ते सगळं घेतलं. फिजिक्समध्ये पर्सेंटेज उतरतं. ते युनिव्हर्सिटीत गेल्यावर करेल की."

मिलिंदकाकांनी नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तिथून इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला गेले. ज्यांना ही वाट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा चांगल्या टक्क्यांनी केला की डिग्रीचं पहिलं वर्ष सोडून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. काकांच्या घरात तोवर कोणी इंजिनिअर नव्हतं. ती वाट त्यांनी स्वतः शोधली आणि तिने त्यांना इथपर्यंत आणलं. मुलीलाही तीच दाखवावी असं वाटणं अगदी साहजिक आहे. फक्त एक फरक आहे. तिकडे डिप्लोमाचे विषय ठरलेले असतात, विद्यार्थ्याला निवडायला फारसं काही नसतं, म्हणून महत्त्वाचा विषय राहून जाणं शक्यच नसतं. इथे सगळं निवडायचं असतं, आणि राहून जातं. ही शक्यता काकांच्या डोक्यात आलीच नव्हती. टक्के आणले की पुढचं दार उघडतं, एवढंच त्यांना अनुभवाने माहीत होतं.

मी सरळ सांगितलं. गोड बोलायचं मला जमत नाही. "काका, ही युनिव्हर्सिटीत जाईल, पण मेकॅनिकलमध्ये नाही. त्यांना फिजिक्सचे तिन्ही भाग आधी लागतात. तिकडे जाऊन करायचे तर तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर रांगेत उभं राहायचं, आणि तिथे नवीन येणाऱ्याला शेवटी जागा मिळते. इथे एक वर्ष थांबून पूर्ण केलं तर सरळ मेजरमध्ये जाईल."

"एकदा आत बसू दे गं. मग बघू."

"आत म्हणजे कुठे आत?"

"मुक्ता, मी या क्षेत्रात पंचवीस वर्षं आहे."

"या क्षेत्रात नाही, काका. सॉफ्टवेअरमध्ये."

ते उठायला लागले. तेव्हा ऋचा बोलली. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर बहुतेकदा इंग्रजीत येतं. शनिवार-रविवारी सायकल रिपेअरच्या दुकानात काम करायची आणि गिअर हब उघडून बसायची. तिला काय हवंय हे तिला माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

"बाबा, मला मेकॅनिकल पाहिजे. नुसती युनिव्हर्सिटी नको." आणि मग माझ्याकडे वळून, "आय'ल स्टे."

काका निघून गेले. त्यानंतर वर्षभर मंडळात समोरासमोर आलो की ते चहाच्या टेबलाकडे वळायचे. मलाही फार वाईट वाटलं नाही. ऋचा थांबली, केमिस्ट्री केली, स्टॅटिक्स केलं, फिजिक्सचा पहिला भाग केला, दुसरा संपत आला, आणि तिचे मार्क फारसे उतरले नाहीत. मग हिवाळ्याच्या शेवटी ही ईमेल आली.

आता गुरुवारी दुपारी मी डीनच्या ऑफिसात गेले. आमच्या डीनचं नाव पॅट्रिशिया. वाईट बाई नाही. तिच्यासमोर आकडे असतात आणि ती आकडे वाचते. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

"सहा जणांनी नाव घातलंय," ती म्हणाली. "बारा लागतात. डिमांड नाहीये, मुक्ता."

"कॅटलॉगमध्ये आपण छापतो की इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हा विषय इथे करा. मुलं त्या भरवशावर इथे येतात. आणि आता आपण म्हणतो की वर्ग होणार नाही."

"मी बारा जणांशिवाय वर्ग चालवू शकत नाही."

"सोमवारपर्यंत बारा आणले तर?"

"सोमवारी चारपर्यंत. पण तुला मिळणार नाहीत. दुपारी साडेबाराची वेळ आहे, चांगली वेळ आहे. यायचं असतं तर आले असते."

पेनसिल्व्हेनियात शिकत असताना मी विद्यार्थी संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. कॅम्पस बसचा एक मार्ग कापला तेव्हा, लायब्ररीचे तास कमी केले तेव्हा. तिथे शिकले ते असं की पत्रक एका पानाचं असावं, त्यात मागणी एकच असावी, आणि काय करायचं, कुठे आणि कधीपर्यंत, हे वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळावं. भावना नंतर. संध्याकाळी बसून मी पत्रक लिहिलं. मथळा असा: 'फिजिक्सचा तिसरा भाग युनिव्हर्सिटीवर सोडू नका. आजच नाव घाला.' खाली प्रीरिक्विझिटचं कारण तीन ओळींत, आणि सोमवारची मुदत. ऑफिसच्या प्रिंटरने पिवळ्या कागदावर चांगलं काढून दिलं.

शुक्रवारी मी फिजिक्सच्या दुसऱ्या भागाच्या वर्गात गेले. तिथली पंचविसेक मुलं तिसऱ्या भागात यायला हवी होती. शिकवणारा हेक्टर. तो अर्धवेळ आहे, दोन कॉलेजांत शिकवतो, आणि त्याचा बराचसा दिवस हायवेवर जातो. त्याने मला शेवटची दहा मिनिटं दिली. ऋचाही वर्गात होतीच.

मी पत्रकं वाटली. मुलांनी वाचली. कोणी मान वर केली नाही.

अशा वेळी भाषण करायचं नसतं, विचारायचं असतं. "तिसरा भाग ज्यांना लागणार आहे त्यांनी हात वर करा."

जवळजवळ सगळे हात वर.

"आणि नाव कोणी घातलंय?"

सहा हात.

"बाकीच्यांचं काय?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा, ट्रुंग नावाचा, बेकरीचं जॅकेट घातलेला, म्हणाला, "मॅडम, डिफ इक्यू पण तेव्हाच आहे ना."

"काय?"

"डिफरन्शियल इक्वेशन्स. साडेबारालाच. तोही स्प्रिंगमध्ये एकदाच होतो. दोन्ही लागतात, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मॅथ्स इथे घेतोय, फिजिक्स तिकडे गेल्यावर."

"तुमचं सगळ्यांचं हेच कारण आहे?"

माना हलल्या. कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, ॲडव्हायजर बाईंना एवढंही माहीत नाही.

मला खरंच माहीत नव्हतं. त्यांच्यातलं कोणी माझ्याकडे आलं नव्हतं, आणि जी आली होती तिचं गणित आधीच झालेलं होतं. वडिलांनी स्कोअरिंग म्हणून आधी सगळं गणित घ्यायला लावलं, त्यामुळे ऋचाला ही अडचण कधी भेटलीच नाही. आमच्या कॉलेजात गणित एका डिव्हिजनमध्ये आणि फिजिक्स दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. दोन डीन, दोन वेळापत्रकं. गणिताने त्या वर्षी खोलीच्या सोयीसाठी आपला तास साडेबाराला आणला. फिजिक्स आधीपासून साडेबारालाच होतं. दोन्ही तक्ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी बघितलेच नाहीत. आणि मग वरून सांगतात की डिमांड नाही.

माझा आवाज चढायला लागला होता. तेवढ्यात ऋचा उठून उभी राहिली. ती सहसा वर्गात बोलत नाही. तिने इंग्रजीत सांगितलं ते असं: "गेल्या वर्षी माझे मार्क तुमच्यापेक्षा चांगले होते. युनिव्हर्सिटीने घेतलं होतं. मेजर मिळणार नव्हतं, कारण फिजिक्स तिकडे करू असं मी ठरवलं होतं. मला इथे एक वर्ष जास्त राहावं लागलं. तुम्हाला नको असेल तर काहीतरी करा." आणि बसली.

हेक्टरने पेन खाली ठेवला. "वेळ बदलली तर किती जण येतील?"

पुन्हा हात. मी मोजले. भरपूर होते.

तिथेच पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन वेळा लिहिल्या आणि मुलांकडून मतं घेतली. फिजिक्सला लॅब लागते, आणि लॅब मोकळी होती फक्त सकाळी सातला किंवा संध्याकाळी साडेपाचला. संध्याकाळी बहुतेकांच्या शिफ्ट. सकाळी सात जिंकलं.

"सात," हेक्टर म्हणाला. "मी टकोमाहून येतो, माहितीये ना?"

"किती वाजता निघावं लागेल?"

"ते मला सांगू नका. माझा अकराचा क्लास तिकडे आहे, तो गाठता येईल. पण कॉफी मुलांनी आणायची."

"ट्रुंग बेकरीत आहे," कोणीतरी म्हणालं.

"मी पाचला उघडतो ती," ट्रुंग म्हणाला. "क्रोसाँ पण आणतो."

मी थेट पॅट्रिशियाकडे गेले. पत्रक तिच्या टेबलावर ठेवलं नाही. माझं पत्रक चुकीच्या लोकांना लिहिलेलं होतं. मुलांना सांगत होते नाव घाला, आणि नाव घालता येणार नाही अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. मागणी वर करायला हवी होती.

"दोन्ही वर्ग एकाच वेळी लावलेत," मी म्हटलं. "दोन्ही त्याच मुलांना लागतात. मुलं दोन खोल्यांत एकदम बसू शकत नाहीत."

तिने स्क्रीनवर दोन्ही वेळापत्रकं उघडली. दोन्ही ठिकाणी साडेबारावर बोट ठेवलं.

"हे मॅथ्सवाल्यांनी केलंय," ती म्हणाली.

"कोणी केलं ते जूनमध्ये ठरवू. आत्ता फिजिक्स सातला हलवा. लॅब मोकळी आहे, हेक्टर तयार आहे."

"सकाळी सातला? मुक्ता, हे कम्युनिटी कॉलेज आहे. आपली मुलं सातला येत नाहीत."

आता इथे मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. "आपली मुलं पाचला बेकरी उघडतात. सहाला गोडाऊनमधून सुटतात. धाकट्या भावंडांना शाळेत सोडतात. सातला कोण येत नाही ते तुम्ही कधी विचारलंय?"

ती खुर्चीत मागे टेकली. मला वाटलं आता बाहेर काढेल. "सोमवारी चार," ती म्हणाली. "वेळ मी आज बदलून टाकते. पण बारा म्हणजे बारा. हात वर केलेले नाही, नाव घातलेले."

तिने तिच्या पातळीवर तिचं काम केलं, हे मला मान्य आहे. संध्याकाळपर्यंत नवीन वेळ सिस्टिममध्ये दिसत होती.

हात वर करणं आणि नाव घालणं यांच्या मधे घर येतं. शनिवारपर्यंत नऊ नावं झाली आणि आकडा थांबला. मी फोन केले, ईमेल केल्या. दोन मुलांनी कळवलं की घरचे नको म्हणतात. त्यातला एक आपल्याच मंडळातल्या घरातला होता. त्याचा निरोप असा: 'डॅड म्हणतात फिजिक्स तिकडे कर, इथे जीपीए खराब होईल.'

शब्द ओळखीचे होते.

रविवारी मराठी शाळा असते. भाड्याने घेतलेल्या एका एलिमेंटरी स्कूलच्या इमारतीत, सकाळी. मी तिथे मोठ्या मुलांना शिकवते. तास सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीकडे जात होते तर मिलिंदकाका समोर उभे. या वेळी चहाचं टेबल जवळपास नव्हतं.

"ऋचाने सांगितलं मला," ते म्हणाले. "किती कमी पडतायत?"

"तीन."

"आपल्यातली तीन मुलं आहेत त्या वर्गात. त्यांनी घातलंय?"

"काका, मला विद्यार्थ्यांची नावं सांगता येत नाहीत. कायदा आहे."

"तुला कोण विचारतंय? ऋचाने सांगितली. ओजस, आणि त्या कुलकर्ण्यांची जुळी." ते पार्किंगकडे बघत होते. ओजसचे वडील संजय आपल्या धाकट्याला गाडीत बसवत होते. "मी बोलतो. तू बोललीस तर ऐकणार नाहीत."

"का?"

"तू लहान आहेस आणि तोंडाने फटकळ आहेस."

दोन्ही खरं होतं आणि मला त्याचा रागही आला. पण ते चालायला लागले होते, म्हणून मीही मागोमाग गेले.

"संज्या, तुझा ओजस फिजिक्स थ्री कुठे करणार?"

"युनिव्हर्सिटीत गेल्यावर," संजयकाका म्हणाले. "इथे उगाच मार्क घालवायचे कशाला? तूच नाही का म्हणाला होतास, मॅथ्स इथे, फिजिक्स तिकडे."

"म्हणालो होतो."

"मग? ऋचा गेली ना तिकडे. ओजस म्हणतो ती अजून त्याच्या वर्गात असते, ते कसं?"

काकांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "गेली नाही," ते म्हणाले. "इथेच आहे. सगळ्यांना सांगितलं गेली, ते खोटं होतं. युनिव्हर्सिटीने घेतली, पण मेकॅनिकलला घेईनात. फिजिक्स नव्हतं म्हणून. विषय मी निवडले होते."

संजयकाकांनी गाडीचं दार लोटलं. "अरे, पण तू डायरेक्ट सेकंड इयरवाला..."

"ते नाशिकला. तिथे विषय कॉलेज ठरवतं. इथे बाप ठरवतो आणि बापाला माहीत नसतं." मग माझ्याकडे हात करून, "हिने सांगितलं होतं. मी वर्षभर हिच्याशी बोललो नाही. आता तू काय करायचं ते कर, पण उद्या चारच्या आत कर."

वर्षभर मंडळात ज्या माणसाने मुलीचं वर्ष लपवलं, त्याने ते पार्किंगमध्ये, चार कुटुंबं ऐकतील अशा आवाजात सांगितलं. मी आजवर बरीच भाषणं ऐकली आहेत, काही स्वतःही केली आहेत. इतकं थेट बोलणारं कोणी ऐकलं नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला, आणि तो मला त्यांना सांगता आला नाही. मी फक्त म्हटलं, "थँक्यू, काका."

"कुलकर्णी कुठे दिसतात का बघ," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ओजसचं नाव आलं. दुपारी कुलकर्ण्यांच्या जुळ्यांपैकी एकीचं आलं, दुसरीचं आलं नाही. तिने मेजरच बदललं होतं. अकरा. साडेतीनला मी स्क्रीनसमोर बसून होते आणि पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होते. पावणेचारला ट्रुंगचं नाव आलं. तो बेकरीतून निघून बसमध्ये बसला होता आणि फोनवरून नाव घालत होता. वडिलांना पटवायला रविवार गेला, असं त्याने नंतर सांगितलं. बारा. पाचपर्यंत आणखी चार झाली, पण ती मोजायची गरज नव्हती.

पॅट्रिशियाची ईमेल दोन शब्दांची होती: 'सेक्शन चालू.'

स्प्रिंगभर मी एकदाच सातच्या वर्गात डोकावले. बाहेर अजून धड उजाडलेलं नव्हतं. टेबलावर क्रोसाँचा खोका होता. हेक्टर फळ्यावर प्रकाशाच्या लाटा काढत होता आणि कोणीही झोपलेलं नव्हतं. ऋचा पुढच्या बाकावर होती. तिच्या शेजारी ओजस, आणि दोघं कशावरून तरी हळू आवाजात भांडत होते.

जूनमध्ये ऋचा पास झाली. अट पूर्ण झाल्याचं युनिव्हर्सिटीला कळवायचं काम माझंच होतं, ते मी त्याच दिवशी केलं. ऑटममध्ये ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात बसली. त्या वर्गातली बहुतेक मुलं त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी आपापल्या मेजरमध्ये थेट गेली. ट्रुंग सिव्हिलला आहे. ऋचाने पहिल्या आठवड्यात मला मेसेज पाठवला: इथल्या मुलांना लाटांचं काही आठवत नाही, सगळे मला विचारतायत.

तो मेसेज मी पॅट्रिशियाला दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "तुला एका कमिटीवर घेतलंय." वेळापत्रकाची कमिटी. गणित आणि फिजिक्स एका टेबलाशी बसतात आणि मी मधे बसते. फार कंटाळवाणं काम आहे. दर वेळी कोणीतरी म्हणतं, या विषयाला डिमांड नाही. दर वेळी मी विचारते, त्याच वेळी दुसरं काय लावलंय?

आपल्या मुलांच्या आईबापांना सांगायचं ते एवढंच. युनिव्हर्सिटीचं पत्र आलं म्हणून सोहळा करू नका. मेजरला कुठले विषय आधी लागतात ते विचारा, ते इथेच पूर्ण करून घ्या, अवघड वाटले तरी. आणि कॉलेजने सांगितलं की वर्ग रद्द होतोय, तर ऐकून घरी जाऊ नका. कोण येत नाही आणि का येत नाही, ते मुलांना विचारा. त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं.